पाण्यात उतरताना वजन किती घ्यायचं आणि बीसीडीत हवा किती ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स नुकताच झाला आहे. बोटीवरून उडी मारल्यावर बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) रिकामं केलं तरी खाली जाता येत नाही. मग गाइड कमरेच्या वजनात दोन किलो शिसं वाढवून देतो. त्यानंतर खाली जाता येतं, पण तळाशी आपटायला होतं आणि पुढची सगळी डाइव्ह इन्फ्लेटरची (बीसीडीत हवा भरायच्या-सोडायच्या नळीची) बटणं दाबण्यातच जाते. तर वजन नेमकं किती घ्यावं आणि उडी मारताना बीसीडीत हवा किती असावी?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की घोटाळा सुरू होतो. उडी मारताना बीसीडीत किती हवा ठेवायची हे डाइव्हच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाची गरज पाहून ठरवायचं. शिसं किती घ्यायचं हे मात्र शेवटच्या पाच मिनिटांची गरज पाहून ठरवायचं. सिलिंडर जवळपास रिकामा झालेला असताना, पाच मीटर खोलीवर, बीसीडीत हवा नसताना, शांत श्वास घेत तुम्ही जागच्या जागी राहू शकलात की वजन बरोबर आहे. सुरुवातीला खाली जाता येत नाही म्हणून वाढवलेलं शिसं बहुतेक वेळा चुकीच्या आजारावरचं औषध असतं. ते तसं का, हे आधी सविस्तर सांगतो.

साहित्यासकट तुमचं वजन 100 किलो धरू. समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन साधारण 1.025 किलो असतं. तुम्ही जितक्या लिटरची जागा व्यापता, तितक्या पाण्याच्या वजनाएवढं प्लावक बल तुम्हाला वर ढकलतं. हे शाळेत शिकलेलं आर्किमिडीजचं तत्त्व झालं. डायव्हरच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते हे की डाइव्हभर यातलं काय बदलतं. शिसं बदलत नाही. बदलतात त्या तीन गोष्टी: सिलिंडरमधल्या हवेचं वजन, वेटसूटचं (अंगावरच्या रबरी फोमच्या पोशाखाचं) आकारमान आणि फुप्फुसातली हवा. बीसीडी आहे ते या बदलांची भरपाई करायला.

सिलिंडरपासून सुरू करू. बहुतेक ठिकाणी मिळणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे 11 लिटरचा असतो. 200 बारला (बार हे दाबाचं एकक) त्यात साधारण 2200 लिटर हवा मावते. एक लिटर हवेचं वजन 1.2 ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे पाठीवर अडीच किलोहून थोडी जास्त हवा झाली. 50 बार उरवून वर आलात तर त्यातली जवळपास दोन किलो तुम्ही श्वासावाटे सोडून दिलेली असते. म्हणून बरोबर वजन घेतलेला डायव्हर डाइव्हच्या सुरुवातीला दोन किलोने जड असतो आणि शेवटी समतोलात येतो. सुरुवातीचा हा जडपणा अटळ आहे. त्यासाठी बीसीडीत दोनेक लिटर हवा घ्यावी लागते, त्यात वावगं काही नाही.

आता तुमच्या अडचणीकडे पाहा. सुरुवातीला तुम्ही सगळ्यात जड असता आणि तुम्हाला नेमकं तेव्हाच खाली जाता येत नाही. याची मुख्य कारणं दोन. एक तर वजन खरोखरच बरंच कमी आहे किंवा कुठेतरी हवा अडकली आहे. नवख्या डायव्हरच्या बाबतीत दुसरं कारणच बहुतेक वेळा खरं ठरतं, आणि ती हवा बहुधा छातीत असते.

आरामात बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो आणि तेवढीच बाहेर सोडतो. पूर्ण भरलेली फुप्फुसं आणि पूर्ण रिकामी केलेली फुप्फुसं यांत मात्र प्रौढ माणसात चार ते पाच लिटरचा फरक असतो. घाबरलेला किंवा नुकताच उडी मारून धापा टाकणारा माणूस भरलेल्या छातीवरच श्वास घेत राहतो. मोठा श्वास आत जातो, थोडासा बाहेर येतो, की लगेच पुढचा आत. त्यामुळे छातीत सतत दोन लिटर हवा जास्तीची राहते. दोन लिटर हवा म्हणजे दोन किलोचं वरच्या दिशेचं बल. गाइडने तुम्हाला दिलेलं शिसं नेमकं तेवढंच होतं. खाली पोचल्यावर दहा मिनिटांत मन स्थिरावतं, श्वास मूळपदावर येतो, छातीतले ते दोन लिटर निघून जातात, पण कमरेचं शिसं तसंच राहतं. तळाशी आपटण्याचं कारण हे आहे.

दुसरी गोष्ट पायांची. पाण्यात उभं असताना फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) हलवल्या की त्या तुम्हाला वर ढकलतात. खाली जायचा प्रयत्न चालू आहे असं वाटत असताना पाय नकळत पेडल मारत राहतात. हे स्वतःला कळत नाही, बडीने (जोडीदार डायव्हरने) खालून पाहिलं तरच दिसतं. उतरताना घोटे एकमेकांवर ठेवून पाय गुंतवून टाका. पहिल्याच प्रयत्नात फरक कळेल.

तिसरी गोष्ट म्हणजे बीसीडी खरंच रिकामं आहे का? हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. तुम्ही मागे रेललेले असाल तर हवा छातीकडच्या भागात राहते आणि इन्फ्लेटरच्या नळीतून काही बाहेर येत नाही. शरीर सरळ उभं हवं, डावा खांदा किंचित वर आणि नळी हात पूर्ण ताणून डोक्याच्या वर. बटण दाबून ठेवल्यावर बुडबुड्यांचा आवाज थांबला तरी क्षणभर तसंच थांबा, खांद्याजवळ राहिलेली हवा उशिरा सुटते. कोरड्या वेटसूटमध्येही बरीच हवा अडकते, विशेषतः दिवसाच्या पहिल्या डाइव्हला. पाण्यात शिरल्यावर गळ्याशी सूट थोडा ओढून पाणी आत जाऊ द्या.

आणि चौथी, जिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही: थांबणं. समजा श्वास सोडल्यावर तुम्ही अर्ध्या किलोने जड झालात. 100 किलोच्या वस्तूवर एवढं छोटं बल लावलं तर पहिल्या दोन सेकंदांत ती जेमतेम 10 सेंटिमीटर सरकेल, तेही पाण्याचा अडथळा हिशेबात न धरता. नवखा माणूस श्वास सोडतो, एक सेकंद वाट पाहतो, काहीच झालं नाही असं समजून घाईने छाती भरतो आणि पुन्हा वर येतो. श्वास सोडा, पूर्ण सोडा आणि मनात चार-पाच अंक मोजेपर्यंत पुढचा श्वास लांबणीवर टाका. डोकं पाण्याखाली गेलं की पुढचा श्वास छोटा घ्या आणि पुन्हा लांब सोडा. पहिले दोन मीटर सगळ्यात अवघड. त्यानंतर वाढत्या दाबाने सूट आकसतो आणि खाली जाणं आपोआप सोपं होतं.

एवढं सगळं करूनही तरंगतच राहिलात तर वजन खरोखर कमी आहे. तेव्हा वाढवा, पण एका वेळी एकच किलो.

वजन तपासायची पद्धत कोर्समध्ये शिकवतात, पण बोटीवरच्या घाईत कुणी करत नाही. उभं राहता येणार नाही एवढ्या खोल पाण्यात, सगळं साहित्य अंगावर आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र) तोंडात ठेवून बीसीडी पूर्ण रिकामं करा. नेहमीसारखा मध्यम श्वास घेऊन क्षणभर धरा आणि हातपाय अजिबात न हलवता सरळ उभे लटका. पाण्याची पातळी डोळ्यांशी यायला हवी. श्वास सोडल्यावर डोकं हळूहळू पाण्याखाली जायला हवं. (श्वास धरणं हे फक्त पृष्ठभागावरच्या या चाचणीपुरतं. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. भरलेल्या फुप्फुसांनी श्वास रोखून एक-दीड मीटर वर आलात तरी इजा होऊ शकते.) ही चाचणी भरलेल्या सिलिंडरने केली असेल तर संपणाऱ्या हवेसाठी त्यात दोन किलो जोडा. सिलिंडर 50 बारवर असेल तर काहीच जोडू नका.

मला स्वतःला डाइव्हच्या शेवटी केलेली चाचणी जास्त भरवशाची वाटते. सेफ्टी स्टॉपला पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचंच असतं. तेव्हा गेज (सिलिंडरमधला दाब दाखवणारं मापक) 50-60 बारच्या आसपास असेल तर बीसीडीतली हवा थोडी थोडी करून पूर्ण सोडा आणि शांत श्वास घेत राहा. बोटीचा दोर हाताशी असू द्या, पण धरू नका. बीसीडी रिकामं केल्यावर खाली जाऊ लागलात तर वजन जास्त आहे. बडीशी आधी ठरवलेलं असेल तर एक किलोचं शिसं त्याच्या हातात द्या आणि पुन्हा पाहा. एका डाइव्हमध्ये एकच किलो कमी करायचा. दोन-तीन डाइव्हमध्ये तुमचा आकडा सापडतो. तोपर्यंत श्वासही सुधारलेला असतो, त्यामुळे हा आकडा पहिल्या महिन्यांत खाली येत जातो.

शरीराच्या वजनाच्या दहा टक्के शिसं घ्या, हा ठोकताळा सर्रास सांगितला जातो. पहिल्यांदा पाण्यात शिरताना कुठून तरी सुरुवात करावी लागते, तेवढ्यापुरता तो ठीक आहे. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नका. शिसं लागतं ते मुख्यतः सूटच्या जाडीसाठी. 80 किलोचा दणकट माणूस आणि 80 किलोचा स्थूल माणूस पाण्यात सारखे तरंगत नाहीत, कारण चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि स्नायू पाण्यापेक्षा किंचित जड असतात. पातळ सूट घातलेल्या सडपातळ माणसाला दोन किलो पुरतात, तर सात मिलिमीटरच्या सूटमध्ये त्याच माणसाला कितीतरी जास्त लागतात.

साहित्य किंवा पाणी बदललं की आकडाही बदलतो. तलावातून किंवा स्विमिंग पूलमधून समुद्रात आलात तर वजन वाढवावं लागतं. किती, हे काढणं सोपं आहे: तुम्ही अधिक सगळं साहित्य मिळून जे वजन भरेल त्याच्या अडीच टक्के. 105 किलो भरलं तर अडीच किलोच्या आसपास. इथे एक चूक फार होते. पूलमध्ये चार किलो लागले म्हणून लोक त्या चार किलोंचे अडीच टक्के काढतात. फरक पडतो तो तुम्ही बाजूला सारलेल्या सगळ्या पाण्याचा, म्हणून टक्केवारीही सगळ्या वजनाचीच काढायची.

सिलिंडरच्या धातूबद्दलही असाच एक गैरसमज आहे. ॲल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर भरलेला असताना समुद्रात किंचित बुडतो आणि पूर्ण रिकामा झाल्यावर जवळपास दोन किलोने वर ओढतो. स्टीलचे अनेक सिलिंडर शेवटीही बुडतेच राहतात. त्यावरून स्टील घेतलं की डाइव्हभर बॉयन्सी (तरंगण्याचा कल) बदलत नाही असा निष्कर्ष काढला जातो. तो चूक आहे. बदल होतो तो हवेच्या वजनाचा, आणि तेवढीच हवा वापरलीत तर स्टीलमध्येही तो तेवढाच होतो. फक्त सुरुवात आणि शेवट दोन्ही जड बाजूला सरकतात. म्हणून स्टील घेतल्यावर शिसं साधारण दोन किलो किंवा थोडं अधिक कमी करायचं आणि शेवटची चाचणी पुन्हा करायची. भाड्याच्या दुकानात सिलिंडर कोणत्या धातूचा आहे हे नेहमी विचारा, नुसतं पाहून सगळ्यांना ओळखता येत नाही.

आता उडीकडे येतो.

बोटीवरून उतरताना बीसीडीत हवा असायलाच हवी. पाण्यात पडल्यावर तिने तुम्हाला लगेच वर आणावं आणि फिन्स न मारता डोकं पाण्याबाहेर ठेवावं, एवढी. साधारण अर्धं भरलेलं पुरतं. गच्च फुगवलेलं बीसीडी छाती आवळतं, श्वास उथळ होतो, आणि पाण्यावर आपटताना जॅकेट वर सरकून हनुवटीला लागतं. आधीच घाबरलेल्या माणसाला त्या आवळण्याने आणखी धाप लागते आणि मग वर सांगितलेली भरलेल्या छातीची अडचण सुरू होते.

उडीआधीची तपासणी बडीबरोबर आणि मोठ्याने बोलून करा. बीसीडी इन्फ्लेटरने फुगवून पाहा आणि थोडी हवा सोडूनही पाहा. दोन्ही बटणं चालली पाहिजेत. मग गेजकडे पाहत रेग्युलेटरमधून तीन-चार दमदार श्वास घ्या. काटा स्थिर राहिला पाहिजे. श्वास घेताना काटा खाली येत असेल आणि मग परत वर जात असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. पृष्ठभागावर असा व्हॉल्व्ह कसाबसा पुरतो, पण खोलीवर प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते आणि तेव्हा तो पुरत नाही. गेजकडे न पाहता घेतलेल्या श्वासाने ही तपासणी होत नाही.

वजनाची तपासणी वेगळी करा, ती नुसत्या नजरेने उरकू नका. बेल्टचं बकल उजव्या हाताने एका झटक्यात उघडणारं हवं, बेल्टवर बीसीडीचा किंवा दुसरा कुठलाही पट्टा आलेला नको, आणि बडीला तुमचं वजन कसं सोडायचं ते माहीत हवं. वजन बीसीडीच्या खिशात असेल तर खिसा बसल्याचा आवाज ऐका आणि मग एकदा ओढून पाहा. नीट न बसलेला खिसा उडीच्या धक्क्याने सुटून तळाशी जातो. तो पृष्ठभागावरच सुटला तर फक्त शिसं जातं, 20 मीटरवर सुटला तर डायव्हर अनावर वेगाने वर येतो. म्हणून उडी मारून वर आल्यावर आणि खाली निघण्याआधी दोन्ही खिशांना पुन्हा हात लावून बघायची सवय लावा. बेल्टची अडचण थोडी निराळी आहे. खोलीवर सूट आकसतो, पोटही आत जातं, बेल्ट सैल होऊन फिरतो आणि बकल पाठीकडे जाऊन बसतं. तळाशी पोचल्यावर पुढे झुकून बेल्ट एकदा घट्ट करा.

जायंट स्ट्राइड (बोटीच्या कडेवरून मोठं पाऊल टाकून उतरणं) घेताना उजव्या हाताच्या तळव्याने रेग्युलेटर आणि बोटांनी मास्क धरा, डाव्या हाताने बेल्टचं बकल आणि लोंबणाऱ्या नळ्या. खालचं पाणी मोकळं आहे याची खात्री आधी करा आणि मग नजर क्षितिजावर ठेवा. खाली बघत पाऊल टाकलं की मास्क उडतो. उडी अशी मारायचीच नाही, फक्त मोठं पाऊल टाकायचं. लहान बोटीच्या कठड्यावरून बॅक रोल करताना, म्हणजे बसल्या जागेवरून पाठीमागे पाण्यात लोळताना, हनुवटी छातीशी आणा आणि तुमच्या मागे कुणी नाही हे बोटीवरच्या माणसाला बघायला सांगा. वर आल्यावर बोटीला ओके खूण करा आणि ती जागा लगेच सोडा, कारण पुढचा डायव्हर तिथेच येणार आहे. मग बोटीच्या दोराशी जाऊन एक मिनिट काहीही करू नका. रेग्युलेटर तोंडात, चेहरा पाण्यात आणि श्वास मोजत. तुमच्या अडचणीवरचा निम्मा इलाज हे एक मिनिट आहे. गाइड घाई करत असेल तर त्याला हाताने थांबायची खूण करा, तो तुमचा हक्क आहे.

किनाऱ्यावरून उतरताना बीसीडीत थोडी हवा, मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात ठेवूनच लाटांमध्ये शिरा. फिन्स घातल्या असतील तर पाठमोरे किंवा आडवे चाला. गुडघाभर पाण्यात पडलेल्या माणसाला जादा शिशासकट उठता येत नाही, लाटा एकामागून एक येत राहतात.

निगेटिव्ह एंट्री म्हणजे बीसीडी पूर्ण रिकामं ठेवून उडी मारायची आणि पृष्ठभागावर न थांबता थेट खाली जायचं. जोरदार प्रवाहात ती लागते, कारण वर रेंगाळलात तर डाइव्हची जागाच हातची जाते. तुम्ही ती एवढ्यात करू नका, आणि कुणी आग्रह केला तर नकार द्या. बीसीडीत हवा असताना व्हॉल्व्ह बंद राहून गेला तर तुम्ही पृष्ठभागावर खोकत तरंगता. बीसीडी रिकामं आणि वजन जास्त असेल तर त्याच चुकीने माणूस हवेशिवाय बुडतो. इथे फुगवायला इन्फ्लेटरही चालत नाही, कारण तोही त्याच सिलिंडरवर चालतो. तुमचं वजन किलोपर्यंत नक्की झालेलं असेल, कान झटपट मोकळे होत असतील आणि व्हॉल्व्हची तपासणी हातात भिनलेली असेल, तेव्हाच या उडीचा विचार करा.

खाली निघताना बडीला खूण करा, वेळ बघा, कान पृष्ठभागावरच एकदा मोकळे करा आणि पाय खाली ठेवून निघा. कान दर मीटरला, किंबहुना त्याआधीच, दुखायच्या आत मोकळे करत राहा. दुखलं तर थांबा, थोडं वर या. हे थांबणं जमतं ते वजन बरोबर असेल तरच. चार किलो जादा असलेला माणूस कान दुखतोय हे कळूनही खाली जातच राहतो. कानाच्या पडद्याच्या दुखापतीचं मूळ अनेकदा कमरेच्या शिशात असतं.

सूट आकसू लागला की वेग वाढतो. वेग जाणवेपर्यंत थांबू नका, त्याआधीच इन्फ्लेटरचं बटण अगदी थोडा वेळ दाबून सोडा, मग दोन श्वास थांबून काय होतं ते पाहा, मग पुन्हा. हवा आत गेल्यापासून शरीराचा वेग बदलेपर्यंत काही सेकंद जातात. ते सेकंद न देता पुन्हा पुन्हा बटण दाबलं की हवा जास्त होते, माणूस वर जाऊ लागतो, मग घाईने सोडतो आणि खाली जातो. तळ यायच्या दोन-तीन मीटर आधीच तुम्ही तरंगत थांबलेले असायला हवेत.

जादा वजनाने हे सगळं का बिघडतं ते आकड्यांत पाहू. 10 मीटरवर दाब दोन बार असतो, पाच मीटरवर दीड बार. सुरुवातीच्या जडपणासाठी बीसीडीत दोन लिटर हवा आहे असं धरा. 10 वरून पाचवर आलात तर ती 2.7 लिटर होते, म्हणजे वरचं बल सुमारे 700 ग्रॅमने वाढलं. एवढं श्वास लांब सोडून सांभाळता येतं. आता चार किलो शिसं जास्त आहे, म्हणून बीसीडीत सहा लिटर हवा आहे. तीच हवा पाच मीटरवर आठ लिटर होते. दोन किलोचा हा फरक नवख्या माणसाच्या श्वासाला झेपत नाही, त्यामुळे बटणं दाबत राहावी लागतात. जादा शिसं स्वतः काही करत नाही, त्याच्यासाठी वागवावा लागणारा हवेचा मोठा फुगा त्रास देतो. उथळ पाण्यात हा त्रास वाढतो. 30 वरून 20 मीटरवर येताना हवा एक तृतीयांशाने फुगते, पण 10 मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते. उथळ डाइव्ह सोपी असं नवख्यांना सांगितलं जातं. हवा आणि वेळ या बाबतीत ते खरं आहे, बॉयन्सीच्या बाबतीत नाही.

जादा शिशाने शरीराची ठेवणही बिघडते. छातीशी हवा वर ओढते, कमरेशी शिसं खाली ओढतं, पाय लोंबतात. लोंबत्या पायांनी फिन्स मारल्या की तुम्ही पुढे कमी आणि वर जास्त जाता. वर जाताय म्हणून आणखी हवा सोडता, आणि थांबलात की बुडता. तळाची माती उडते, फिन्सखाली प्रवाळ तुटतं, हवा लवकर संपते. म्हणून आधी वजन कमी करा, मगच त्याची जागा बदला. आकडा बरोबर झाल्यावरही पाय जड वाटले तर एक-दोन किलो कमरेवरून सिलिंडरच्या पट्ट्यावर किंवा पाठीच्या वरच्या खिशात हलवा. सगळं शिसं तिकडे नेऊ नका, हाताने सोडता येईल असं थोडं कमरेशी राहायलाच हवं.

कारण ते सोडायची वेळ येते. डायव्हिंगमधल्या मृत्यूंच्या तपासात पुन्हा पुन्हा आढळतं की वजनाचा बेल्ट जागेवरच होता, सोडलेला नव्हता. पृष्ठभागावर आलात, थकलात, बीसीडी फुगत नाही आणि तोंडाने फुगवायला श्वास पुरत नाही अशी वेळ आली तर शिसं टाकून द्या. विचार करत बसू नका, शिसं भरून मिळतं. दर डाइव्हआधी डोळे मिटून हात बकलपर्यंत नेऊन पाहा.

उलट वजन कमी असेल तर ते सुरुवातीला नाही, शेवटी छळतं. सिलिंडर हलका झालेला असतो आणि सेफ्टी स्टॉपला तुम्ही वर ओढले जाता. अशा वेळी दोर धरा किंवा बडीला धरायची खूण करा, श्वास लांब सोडा, बीसीडीच्या मागच्या बाजूचा डंप व्हॉल्व्ह उघडून उरलीसुरली हवा काढा. काहीच नसेल तर डोकं खाली करून फिन्स मारत राहा. स्टॉपनंतरचे शेवटचे पाच मीटर सगळ्यात सावकाश या. मिनिटाला नऊ मीटरहून जास्त वेग नको. म्हणूनच वजन कमी करायच्या उत्साहात एकदम तीन-चार किलो उतरवू नका.

ड्रायसूटचं (पाणी आत न येऊ देणाऱ्या सूटचं) गणित निराळं आहे. त्यात आतल्या कपड्यांतली हवा ऊब देते, त्यामुळे शेवटी पाच मीटरवर सूटमध्ये आवश्यक तेवढी हवा ठेवून समतोल साधता आला पाहिजे. ती हवा पायांकडे सरकली तर माणूस उलटा होतो. त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय ड्रायसूट घालू नका.

पुढच्या डाइव्हसाठी तुम्हाला एवढंच सुचवेन: गाइडला आधीच सांगून ठेवा की पूर्वी जे शिसं होतं तेवढंच घेणार आहे आणि दोराशी एक मिनिट थांबणार आहे, आणि हाताशी एक किलो जास्तीचं शिसं बोटीवर तयार ठेवा. दोरालगत उतरा. डाइव्ह झाल्यावर लॉगबुकात सूटची जाडी, सिलिंडरचा धातू आणि आकार, पाणी गोडं की खारं, शिसं किती, आणि 50 बारला पाच मीटरवर काय झालं, हे लिहा. आठवणीवर सोडलेला आकडा पुढच्या सहलीपर्यंत टिकत नाही. सूट नवा घेतलात तर आधीची नोंद बाद समजा. नव्या निओप्रीनमध्ये (सूटच्या रबरी फोममध्ये) वायूचे बुडबुडे शाबूत असतात, त्यामुळे तो जास्त तरंगतो. वापरून आणि दाबाखाली जाऊन ते हळूहळू फुटतात, सूट पातळ पडतो आणि त्याच सूटला पूर्वीपेक्षा कमी शिसं पुरू लागतं. म्हणून मोठ्या खंडानंतर पाण्यात जाताना डोळ्यांच्या पातळीची ती चाचणी पुन्हा करा.